डाव्या कोपऱ्यातला

चढाईवाला रेषा ओलांडून आला, की दादा डाव्या कोपऱ्यात वाकायचा, तळहात मातीवर एकदा आपटायचा आणि म्हणायचा, "पाय माझा. बाकीचं तुमी बघा."

तुम्ही कबड्डी बघितली असेल, तर घोटा धरणाऱ्याचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तोंडावर गुडघा बसतो, अंगावर सगळा संघ पडतो. शिट्टी झाली, की वरचे टाळ्या देत उठतात. खालचा सगळ्यांच्या शेवटी निघतो. आमचा कॅप्टन दादा कायम खालचा. नाक वाकडं झालेलं. वहिनी म्हणायच्या, "लग्नात सरळ हुतं की."

मी चंदगडचा. नववीत शाळा सोडून कोल्हापुरात फौंड्रीत लागलो. दादाही तिथंच, साच्यांवर. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "पावणं, खेळता काय?"

"थोडं थोडं."

"थोडं खेळणारी लई हाईत आमच्यात. या तुमीबी."

पुढं 'तुमी'चा 'तू' झाला, 'पावणं' तसंच राहिलं.

एका स्पर्धेला परराज्यातल्या कंपनीची माणसं आली. त्यांच्या संघात एक जागा होती, सोबत कायमची नोकरी. मी रोजंदारीवर होतो आणि फौंड्रीतलं काम आटत चाललं होतं. सकाळपासून मला घास उतरत नव्हता. दादानं ते बघितलं. माझ्या ताटातली भाकरी उचलून खात म्हणाला, "पाय मी धरतो, आज उडी तू मारायची. पोरास्नी सांगितलंय मी. बघणाऱ्याला वरचाच दिसतोय, पावणं."

शेवटच्या चढाईला समोरच्या संघाचा आडदांड गडी आला. मातीवर तळहात वाजला. दादानं घोटा धरला, मी वरून झेप घेतली, बाकीचे आमच्यावर कोसळले. शिट्टी झाली. आम्ही उठलो, तो उठला नाही. मान मोडली होती. मानेखालचं काहीच पुन्हा हललं नाही.

मला नोकरीचं बोलावणं आलं. मी वहिनींना सांगितलं, "मी जात न्हाय."

त्या भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग ह्ये पडलं कशासाठी?" हात पुसत उठल्या, "बसा. च्या ठेवते."

पहिल्या सुट्टीत भेटायला गेलो. त्याचा आवाज तेवढा उरला होता.

"कुठं उभारतोस तिकडं?"

"डाव्या कोपऱ्यात."



"मग उडी कोण मारतंय?"

"नवा गडी हाय. बिहारचा. अजून कायम झाला न्हाय."

"जेवतोय काय नीट?"

त्या पावसाळ्यात तो गेला. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं.

इथं मॅटवर खेळतात. चढाईवाला आला, की मी वाकतो आणि तळहात आपटतो. धूळ उडत नाही. हात उचलला, की खाली ठसाही नसतो.