येवला निरंक

तालुक्यातालुक्याचा पाऊस फोनवर टिपून घेण्याचं काम चार वर्षं केलं, की मिलिमीटर वहीत राहतात आणि किस्से डोक्यात. नव्वदच्या दशकात नाशिकच्या ऑफिसात मी हेच करायचे. रोज सकाळी आठला केंद्रांवरची माणसं पर्जन्यमापकातलं पाणी मोजून फोन करायची.

*

हरसूलचे गावितदादा ओरडायचे, "मॅडम, बाटली भरून सांडली! किती लिवू?"

"सांडलेलं कसं मोजणार, दादा?"

"तुमीच सांगा, तुमी शिकलेल्या!"

शिकलेल्या मॅडमनी वहीत लिहिलं, 'बाटलीभर, अधिक सांडलेलं.'

*

दिंडोरीचे जाधवभाऊ एकदा म्हणाले, "रस्त्यापलीकडच्या द्राक्षबागेत लय पडला. यंत्रात थेंब नाय."

"मग निरंक लिहा." निरंक म्हणजे शून्य.

"लिहितो. पण बागवाला इथंच उभा हे. म्हणतो, सरकारनं माझा पाऊस खाल्ला!"

*

येवल्याच्या सोनवणेकाकांचा फोन सगळ्यात छोटा. "येवला निरंक."

ऑफिस हळहळायचं. मला मात्र हायसं वाटायचं! लिहितानाही लाज वाटते. पण माझी चार वर्षांची मुग्धा तिथे होती, केंद्राशेजारीच, माझ्या आईकडे. नाशिकच्या आमच्या खोलीला पावसाळाभर ओल, आणि तिची छाती शिट्टीसारखी वाजायची. डॉक्टर म्हणाले, "चार महिने कोरड्या हवेत ठेवा." नवरा हरसूलला मास्तर, लेक येवल्याला, मधे मी.

"मॅडम, तुमचा संसार म्हणजे जिल्ह्याचा पर्जन्यनकाशाच!" हेडक्लार्क म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, आणि तोंड धुऊन आले.

लेकीला पाठवलं ते बरोबर केलं का, हे कुठल्या यंत्रात मोजतात?

*

एका सोमवारी सोनवणेकाका फोनवर घुटमळले. "येवला... चाळीस भरतंय."

ऑफिसात टाळ्या! मी दुसऱ्या कानात बोट घातलं. "काका, मुग्धा खोकतेय का?"

"खोकला नाय, ताई. आभाळ पण नाय."

"मग चाळीस कुठून?"

"पोरगी आजीची नजर चुकवून तांब्या घेऊन आली, अन् ओतला यंत्रात. मी रागावलो, तर म्हणे, काल आई भेटायला आली तवा म्हणाली, पाऊस संपला की नेते. म्हणे, इथं तर तो सुरूच होत नाय! आता मी काय लिहू? थांबा, तिलाच देतो."

खरखर झाली. मग बारीक आवाज आला.

"आई, पडला. संपला पण. ये ना आता."