दूधगाडीवाली बुरुल

नवरा कुबात मेल्यावर बुरुलनं त्याची दूधगाडी विकली नाही, स्वतःच चालवायला घेतली, तेव्हा गावातल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. विधवेनं वर्षभर घरात बसून शोक करावा, ही कोचकोर खोऱ्यातली रीत. बुरुल रडायची, पण गियर टाकता टाकता. डोक्याला काळा रुमाल, अंगात नवऱ्याचं जाड जाकीट, मागे दुधाचे कॅन खडखडताहेत. सासू शेकेर-आपा दारात उभी राहून म्हणायची, "जा बाई, जा. गाईंना काय ठाऊक कोण मेलं ते!"

कुबात गोठलेल्या तलावावर मासे धरायला गेला होता, बरोबर त्याचा बालमित्र सागिन. बर्फ फुटला, कुबात पाण्यात गेला, सागिननं त्याला दोरी टाकली. परत आला तो एकटा सागिन, तळहातांची सालटी निघालेली. तो बुरुलला म्हणाला, "कुबातच ओरडला, दोरी सोड, नाहीतर दोघंही जाऊ. बुरुलकडे बघ, म्हणाला." या शब्दांवर बुरुलनं तो हिवाळा काढला.

सागिन गाड्या दुरुस्त करायचा. त्याची बायको त्याला केव्हाच सोडून गेली होती. थंडीनं दूधगाडीचं इंजिन आखडलं की तो येऊन चालू करून द्यायचा. एकदा त्याच्या नाकाला ग्रीस लागलेलं पाहून बुरुल खळखळून हसली आणि हसल्याच्या शरमेनं गाडीत बसून हमसून हमसून रडली. सागिन शेजारी येऊन बसला. त्या दिवशी दूध उशिरा पोचलं. पुढे बऱ्याचदा उशिरा पोचू लागलं. घरी ती सांगायची, टायर पंक्चर झालं.

तिची बारा वर्षांची मुलगी आयपेरी एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाली, "आई, आपलं टायर सारखं सागिनकाकांच्याच दारात कसं गं पंक्चर होतं?"

बुरुलनं भाकरीचा आणखी एक तुकडा तिच्यापुढे सरकवला. आपा समोरच बसली होती. तिनं मान वर केली नाही, चहात साखर ढवळत राहिली. त्या दिवसापासून बुरुलला घरात नीट झोप लागेना. आपाला कळलंय का? कळलं असेल तर बोलत का नाही?

वर्ष भरलं. कुबातच्या नावानं आशचं जेवण घातलं, घोडं कापलं, सगळं गणगोत तंबूत जमलं. मुल्लानं कुराण म्हटलं. शोक संपला म्हणून बायकांनी बुरुलचा काळा रुमाल काढून पांढरा बांधला. मग कुबातचा चुलता दोरोनबेक खाकरला.

"बुरुल आता मोकळी आहे. तिला जायचं तर जाऊ दे. पण पोरगी आमच्या रक्ताची, ती इथंच राहील."

बुरुल तोंड उघडणार, तोच पुरुषांच्या बाजूनं सागिन उठला. "मी बुरुलशी लग्न करणार आहे. दोघींना सांभाळीन."

बुरुलच्या कानांतून वाफा निघाल्या. "तुला कुणी विचारलं रे? माझ्या तोंडात जीभ नाही का? आजच्या दिवशी, त्याच्या ताटावर बसून?"

"बुरुल, मी..."

"थांब," शेकेर-आपा म्हणाली. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि थेट सागिनसमोर गेली. "सून नेतोस, ने. आधी माझ्याकडे बघून सांग. माझ्या लेकानं दोरी सोडायला सांगितली होती?"

सागिननं बुरुलकडे पाहिलं. मग खाली.

"नाही, आपा. तो म्हणत होता, सोडू नकोस. माझ्या हातांत त्राणच उरलं नव्हतं. मी सोडली."

आपा परत आपल्या जागी जाऊन बसली. दोरोनबेक मुठी आवळून धावला, चौघांनी त्याला धरलं. बुरुल जागची हलली नाही. आपण वर्षभर ज्या शब्दांना धरून जगलो, ते याच्या मनचे होते, एवढंच तिला कळत होतं.

त्यानंतर ती सागिनच्या दारावरून गाडी न थांबवता जायची. इंजिन खोकलं तरी दुसऱ्या गावच्या माणसाकडे न्यायची. तिला त्याचा राग यायचा आणि त्याची आठवणही यायची, आणि आठवण आली म्हणून स्वतःचा राग यायचा. एका सकाळी आपानंच विषय काढला.

"किती दिवस फुगून बसणार आहेस?"

"आपा, तुम्ही बोलताय हे?"

"त्याला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. पण तो सगळ्या गोतासमोर खरं बोलला. खोटं बोलून तुला घेऊन गेला असता, तर मी काय केलं असतं? आणि दोरोनबेकला सांगितलंय, पोरगी आईजवळच राहील."

बुरुल त्या दिवशी सागिनच्या दारात थांबली. गाडीतून उतरली, त्याच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारत राहिली, तो उभा राहिला. मग म्हणाली, "पहिल्यापासून सांग. एक शब्दही गाळू नकोस."

त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात निकाह लावला, जेवणावळ न घालता. आपाला सोडून जायला बुरुल तयार नव्हती, म्हणून सागिनच इकडे राहायला आला आणि त्याचं गावभर हसं झालं. भांडण झालं की बुरुलच्या तोंडून अजून निघतं, "तू सोडलंस त्याला." मग सागिन पाना घेऊन दिवसभर गाडीखालीच.

आपानं सागिनचं नाव कधी घेतलं नाही. तो जेवायला बसला की ती आपला वाडगा उचलून अंगणात जायची. हिवाळा लागला, अंगणात बसवेना. तेव्हापासून ती आतच जेवते, त्याच्याकडे पाठ करून.