नानींचे ब्याऐंशी किलो

माझी शाळा चौथीत सुटली. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ असतील, आणि अक्षर तर कधी कधी माझं मलाच लागत नाही. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर सांभाळून घ्यावं. पण माझ्या चुलत सासूबाईंनी स्वतःचं वजन जेवढं मनावर घेतलं, तेवढं राहुरी तालुक्यात दुसऱ्या कुणी घेतलं नसेल.

त्यांना आम्ही नानी म्हणतो. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी दहा किलो उतरवायला सांगितलं, तेव्हापासून रोज सकाळी त्या आपल्या शेडमधल्या कांदे तोलायच्या काट्यावर चढायच्या आणि आकडा कोळशाने भिंतीवर लिहायच्या. व्यापारी रिकाम्या गोणीचं वजन, म्हणजे बारदान, वजा करतो, तसं त्या लुगड्याचं आणि जोडव्यांचं वजा करायच्या. आकडा वाढला तर केस ओले म्हणून आणखी पाव किलो सोडायच्या. एकादशीला साबुदाण्याने वजन चढलं तेव्हा म्हणाल्या, "उपासाचं धरत न्हाईत." नाना, म्हणजे त्यांचे मालक, गोण्या शिवता शिवता म्हणाले, "उद्या हाडांचं बी बारदान धर, म्हंजी तू हाईसच न्हाई." आठ महिने आकडा वरखाली झाला आणि फिरून ब्याऐंशीवरच आला.

मग माझा मुलगा दिवस भरायच्या आधी झाला. घरी आणला तेव्हा जेमतेम दोन किलोचा होता. दर सोमवारी वजन करा, पंधरा दिवसांत वाढलं नाही तर परत दाखल करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. तान्ह्याला काट्याच्या थंड पत्र्यावर कसं ठेवायचं? नानी त्याला छातीशी धरून काट्यावर चढल्या. चौऱ्याऐंशी भरले. "ब्याऐंशी माझं ठरल्यालं. लेकरू दोन किलो," त्या म्हणाल्या.

पुढचे दिवस त्या आमच्याकडेच असायच्या. बाळंतिणीचं जेवण, शेक, धुणं, सगळं त्यांनी केलं. स्वतःचं वजन करायलाही विसरल्या. दुसऱ्या सोमवारी बाळासकट चौऱ्याऐंशीच भरले, आणि तिसऱ्या सोमवारी चढल्या तर पुन्हा चौऱ्याऐंशीच. मी घरात जाऊन दवाखान्याची पिशवी भरायला घेतली. नानी शेजारी बसून दुपटी घड्या करत होत्या, तेव्हा त्यांच्या हातातल्या बांगड्या मला दिसल्या. कोपरापर्यंत सरकत होत्या.

मी मोठ्या माणसांपुढे बोलत नाही. त्या दिवशी कशी बोलले कोण जाणे. "नानी, एकदा काट्यावर एकट्याच उभ्या राहा."

एक्क्याऐंशी किलो सहाशे ग्रॅम. म्हणजे बाळ चारशे ग्रॅम वाढलं होतं.

ज्या आकड्यासाठी आठ महिने त्या अर्धपोटी राहिल्या, तो उतरल्याचं त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. काट्यावरच बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या पायी लेकराला सुया टोचल्या असत्या, पोरी." तेव्हापासून आधी स्वतःचं, मग बाळासकट, असं त्या दोनदा वजन करायच्या. बारदान मात्र धरलं नाही.

बाळ पाच किलोचं झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता दर आठवड्याला वजन नको. तरी सोमवारी नानी आल्याच. दारात उभं राहून गुडघा चोळत म्हणाल्या, "आता ह्याला घ्यायला काय निमित्त सांगून येऊ?"

मी बाळाला त्यांच्या मांडीवर दिलं आणि चहा ठेवायला आत गेले. चहा उकळून आटला तरी बाहेर नेला नाही. बाळ त्यांच्या मांडीवर नुकतंच झोपलं होतं.