हलवल्यावर न उघडणारं दार

दार उघडलं आणि आतलं वजन बाहेर उडालं. संरक्षक जाळीवर आपटलं, खाली पडलं, घरंगळत माझ्या बुटापाशी येऊन थांबलं. मी मशीन बंद केलं.

"ये गिनती में नहीं है," सक्सेनाजी म्हणाले. "ये तो ट्रायल था."

"सर, ट्रायल मागच्या वेळी होता. तेव्हाही उडालं होतं," मी म्हणाले.

मी जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात एका टेस्टिंग लॅबमध्ये काम करते. आमची मूळ गावं सातारा जिल्ह्यातली. सुहास, म्हणजे माझा नवरा, बँकेत आहे. त्याची बदली इकडे झाली, आम्ही मानसरोवरला घर घेतलं आणि मी नोकरी शोधली. इंजिनिअरिंगला असताना वाटायचं, आपण काहीतरी बनवू. नशिबात आलं ते लोकांनी बनवलेल्या वस्तू हलवून बघणं.

हे काम ऐकायला विचित्र वाटतं, पण सोपं आहे. आमच्याकडे शेकर नावाचं मशीन आहे. एक जाड टेबल, जे प्रचंड वेगाने थरथरतं. पंखा, पंप, ट्रकचा दिवा, काहीही त्यावर बोल्टने घट्ट बसवायचं आणि हलवायचं. रस्त्यावर वर्षानुवर्षं जे हाल होतील ते इथे थोडक्यात करून बघायचे. वस्तू टिकली तर पास, नाही तर फेल. आवाज असा होतो की शेजारच्या मार्बलवाल्यानेही कान झाकून तक्रार केली आहे.

सक्सेनाजींची वस्तू मात्र रस्त्यावर जाणार नव्हती. ते गुरुग्रामच्या एका नव्या अंतराळ कंपनीचे व्हाइस प्रेसिडेंट. त्यांची कंपनी उपग्रह सोडायचा डबा बनवत होती. छोटा उपग्रह रॉकेटमध्ये मोकळा ठेवत नाहीत. त्याला एका डब्यात बंद करतात. आत दाबलेली स्प्रिंग, पुढे दार, दाराला खटका. वर पोचल्यावर विजेचा इशारा येतो, खटका सुटतो, दार उघडतं आणि स्प्रिंग उपग्रहाला अलगद बाहेर ढकलते. म्हणजे त्या दाराला आयुष्यात दोनच कामं. रॉकेट थरथरत असताना उघडायचं नाही, आणि सांगितल्यावर उघडायचं.

आमच्या टेबलावर ते पहिल्याच कामात नापास होत होतं. खटक्याची कड आखूड होती, थरथरीत निसटत होती. आत खरा उपग्रह नव्हता, त्याच्या वजनाचा ठोकळा होता, म्हणून माझ्या बुटावर निभावलं. रॉकेटमध्ये मात्र या डब्याच्या शेजारी दुसऱ्यांचे उपग्रह असणार होते. त्यातला एक कॉलेजच्या मुलामुलींनी मिळून केलेला होता. वाटेत दार उघडलं असतं तर या डब्यातला उपग्रह सगळ्यांच्या घरात पाव्हणा म्हणून घुसला असता.

"थोडा धीरे हिलाइए ना, मेधाजी," सक्सेनाजी म्हणाले.

"किती जोरात हलवायचं ते रॉकेटवाल्यांनी ठरवलंय, सर. रॉकेट काही तुमच्यासाठी हळू जाणार नाही."

"अरे, ऊपर जाके कौन देखेगा?"

हे वाक्य मी पंखेवाल्यांकडूनही ऐकलं आहे. फक्त त्यांचं 'ऊपर' म्हणजे छत असतं.

सक्सेनाजी वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. बोलायला गोड. दर वेळी येताना सगळ्यांसाठी कचोरी आणायचे, आमच्या वॉचमनसाठीसुद्धा. त्यांच्या डोक्यावर रॉकेटची तारीख होती आणि वर बसलेले मालक होते. मालकांनी गुंतवणूकदारांना शब्द दिला होता, तो शब्द खाली खाली येत त्यांच्या मानेवर बसला होता. आता तोच शब्द ते माझ्या मानेवर ठेवू बघत होते.

त्यांनी मला पैसे देऊ केले नाहीत. ते हुशार होते. त्यांनी विचारलं, "मेधाजी, आपके घर में कौन कौन है?"

मी सांगितलं.

"डब्बे के बाहर एक प्लेट लगेगी. उसपे सबके नाम लिखवा देंगे. आपका, पतिदेव का, सासूमाँ का. अंतरिक्ष में! पृथ्वी के चक्कर काटेंगे!"

मी हसून टाळलं आणि घरी गंमत म्हणून सांगितलं. ती चूक झाली. माझ्या सासूबाई सातारच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. पृथ्वीभोवती फिरायचं म्हटल्यावर त्यांचे डोळे असे चमकले की मला पुढचं बोलवेना. दोन दिवसांत इथल्या महाराष्ट्र मंडळात बातमी पोचली. हळदीकुंकवाला एका बाईंनी मला विचारलं, "नाव मराठीत कोरणार की इंग्रजीत? मतलब, वरून वाचता यायला हवं ना?"

लॅबमध्ये वेगळी गत नव्हती. आमचे मालक माथुरजी. त्यांच्या वडिलांनी ही जागा घेऊन आधी पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं, माथुरजींनी त्याची लॅब केली. वडिलांचा हार घातलेला फोटो शेकरच्या समोरच्या भिंतीवर आहे. सक्सेनाजींनी त्या फोटोकडे बघून नुसतं म्हटलं, "बाबूजी का नाम भी जा सकता है." त्या दिवशी चहा माथुरजींनी स्वतः ओतला.

मी पास लिहिणार नाही हे लक्षात आल्यावर सक्सेनाजी डबा घेऊन गेले. काही दिवसांनी फोन आला. डब्यात सुधारणा केली आहे. आता टेस्ट समारंभासारखी करायची. रॉकेट कंपनीच्या सुजाता मॅडम स्वतः बघायला येणार, व्हिडिओ होणार, पूजा होणार.

मला बरं वाटलं. खटका बदलला असेल, असं समजून मी सकाळी लवकर पोचले आणि डबा टेबलावर बसवायला घेतला. बोल्ट आवळून झाल्यावर सवयीने डब्याच्या बाजूला असलेल्या छोट्या खिडकीतून टॉर्च मारला. खटका तोच होता. आखूड कडेसकट. फक्त दाराच्या आतल्या बाजूने एक बारीक स्टीलची तार निघून चौकटीला बांधली होती. सुबक, दोन पिळे देऊन, टोक आत वळवून. कोणीतरी मन लावून केलेलं काम होतं.

म्हणजे दार आता थरथरीत उघडणार नव्हतं. दार आता कशानेच उघडणार नव्हतं.

डाव माझ्या लक्षात आला. आज टेस्ट पास करून घ्यायची. मग तार काढून तोच डबा रॉकेटवर चढवायचा.

मी माथुरजींना बोलावलं आणि टॉर्च त्यांच्या हातात दिला. ते वाकले, बराच वेळ बघत राहिले.

"दिसली?" मी विचारलं.

"क्या?"

"तार."

"मेधाजी, मेरा चश्मा नहीं है."

चष्मा त्यांच्या कपाळावर होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्यांनीही वर हात नेऊन तो चाचपला, पण खाली ओढला नाही. "आप भी मत देखिए," ते हळूच म्हणाले आणि फुलांच्या माळा कुठे लावायच्या ते सांगायला निघून गेले.

मी स्टुलावर बसले. राग आला होता, त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. आरडाओरडा केला असता तर काय झालं असतं? सक्सेनाजींनी कपाळावर हात मारून घेतला असता, तार काढली असती, टेस्ट पुढे ढकलली असती आणि ते दुसऱ्या शहरातल्या, कमी खिडक्या बघणाऱ्या लॅबमध्ये गेले असते. सुजाता मॅडमना गुपचूप सांगावं तर त्या मला ओळखत नव्हत्या, आणि मालकाच्या पाठीमागे जाणं मला जमलं नसतं.

मग मला त्या दाराचं दुसरं काम आठवलं. तेव्हा मी स्वतःसाठी चहा मागवला.

पाहुणे आले. सुजाता मॅडम साध्या सलवार कमीजमध्ये, खांद्याला झोळी. सक्सेनाजींनी सगळ्यांच्या गळ्यात बगरू गावचे छापील दुपट्टे घातले. पंडितजींनी शेकरला टिळा लावला. व्हिडिओवाल्याने कॅमेरा लावला. मी बटण दाबलं. पत्रे थडथडले, फुलांच्या पाकळ्या उडाल्या, माथुरजींच्या बाबूजींचा फोटो भिंतीवर हलला. दार हललं नाही.

मशीन थांबलं. टाळ्या वाजल्या.

"पास!" सक्सेनाजी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले.

"आता उघडून दाखवूया, सर," मी म्हणाले. शक्य तितका भोळा चेहरा केला होता.

"क्या?"

"दार. हलवून झाल्यावर वस्तू चालते का ते बघतोच ना आपण. पंखासुद्धा फिरवून बघतो."

"उसकी आज ज़रूरत नहीं है."

"ज़रूरत तो है," सुजाता मॅडम म्हणाल्या. "मैं तो उसी के लिए आई हूँ."

सक्सेनाजी हसले. "कंट्रोलर गुरुग्राम में रह गया, मॅडम."

"काही हरकत नाही, सर. आपल्याकडे पॉवर सप्लाय आहे. केबल जोडली की झालं." मी केबल आधीच आणून ठेवली होती.

"आपकी फ्लाइट, मॅडम..."

"शाम को है."

सक्सेनाजींनी चारी बाजूंना बघितलं आणि शेवटचा आधार पकडला. "पंडितजी, मुहूर्त तो निकल गया होगा?"

पंडितजींच्या तोंडात कचोरी होती. ती नीट गिळून ते म्हणाले, "नहीं नहीं, आज तो शाम तक शुभ ही शुभ है."

मी केबल जोडली आणि इशारा दिला.

खटका सुटल्याचा टक्क आवाज आला. दार नखभर पुढे आलं आणि अडकलं. आतून स्प्रिंग ढकलत होती, दार कुरकुरत होतं. सुजाता मॅडमनी झोळीतून स्वतःचा टॉर्च काढला, टेबलाशी गुडघे टेकले आणि खिडकीत बघितलं.

"मिस्टर सक्सेना, ये तार क्या है?"

"सेफ्टी के लिए है, मॅडम. ट्रान्सपोर्ट में... उड़ने से पहले निकाल देंगे."

"ऊपर जाके?"

"नहीं, मतलब, नीचे ही."

"तो नीचे अभी निकाल दीजिए. फिर से हिलाते हैं. मैं रुकती हूँ."

सक्सेनाजी जागचे हलले नाहीत. त्यांच्या गळ्यातला दुपट्टा एका बाजूला लोंबत होता. माझी खोडी साधली होती, पण त्या क्षणी मला हसू आलं नाही. घामाघूम झालेला, दोन मुलांचा बाप दिसत होता तो.

तेवढ्यात माथुरजी पुढे आले. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, ड्रॉवरमधून पक्कड काढली. मला वाटलं, आता हे काहीतरी सारवासारव करणार.

"सब लोग साइड में," ते म्हणाले, आणि तार कापली.

दार फाडकन उघडलं. ठोकळा सुटला आणि पूजेच्या थाळीत जाऊन पडला. कुंकू उडालं, बहुतेक सक्सेनाजींवरच. मग माथुरजी मला म्हणाले, "मेधाजी, फिर से लगाइए. पूरा ज़ोर."

आम्ही ठोकळा परत बसवला, दार लावलं, पूर्ण जोराने हलवलं. दार मधेच उघडलं. ठोकळा जाळीवर आपटला. व्हिडिओवाल्याला कोणी थांबायला सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याने सगळं मनापासून टिपलं.

मी रिपोर्टमध्ये फेल लिहिलं. माथुरजींनी सही केली. सही करताना म्हणाले, "बाबूजी का नाम बाहर गेट पे है. काफी है."

निघताना सक्सेनाजी गाडीपाशी थांबले. गालावर अजून कुंकू होतं. "आपको पता था," ते म्हणाले.

"तुम्हालाही माहीत होतं, सर."

ते गाडीत बसले. मागच्या सीटवर उरलेल्या कचोऱ्यांचा खोका होता, तो मात्र त्यांनी आठवणीने वॉचमनला दिला.

त्या रॉकेटमधून त्यांचा डबा गेला नाही. रॉकेट ठरल्या दिवशी गेलं आणि मुलामुलींचा उपग्रह सुखरूप वर पोचला.

घरी सासूबाईंना सांगणं टेस्टपेक्षा अवघड गेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "ते दार वाटेत उघडलं असतं तर त्या पोरांच्या उपग्रहाचं काय झालं असतं?" त्यांनी विचारलं.

"फुटला असता, आई."

"मग बाई, आपण खालीच बरे," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मंडळात त्यांनी जाहीर केलं की वर फार थंडी असते, म्हणून आम्हीच नको म्हणालो.

काही महिन्यांनी डबा परत आला, नव्या खटक्यासह. या वेळी सोबत एक अबोल बाई आल्या होत्या, कचोरीशिवाय. आम्ही हलवलं, उघडलं, पुन्हा हलवलं, पुन्हा उघडलं. खटका उत्तम होता. तो बदलायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढाच पहिल्या दिवशी बदलायला घेतला असता तर लागला असता. सक्सेनाजींचं विचाराल तर ते आता बंगळुरूला आहेत, आधीपेक्षा मोठ्या पदावर.

आमच्याकडे नवीन लागलेल्या इंजिनिअरना मी एकच गोष्ट शिकवते. क्लायंटला 'नाही' म्हणायला हिंमत लागते, आणि हिंमत रोज असतेच असं नाही. 'आता पुढचं दाखवा' म्हणायला फक्त भोळा चेहरा लागतो. तो रोज सकाळी घरून घालून यावा.