वालूरची बारव राहिली, माळवद पाहिलं

वालूरला जायचं तर मे महिना टाळा. मी टाळला नव्हता. नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते, एस.टी. कधी बंद पडेल याचा नेम नव्हता. पण मावसबहीण शांता माहेरी बाळंत झालेली, शिवाय मला गावातली जुनी पायऱ्यांची बारव बघायची होती. एका दगडात दोन पक्षी!

परभणीहून सेलूपर्यंत रेल्वे, स्टँडवर बर्फ घातलेला उसाचा रस, आणि पुढे उभ्यानं एस.टी. खिडकीतून येणारा वारा भट्टीतून यावा तसा येत होता.

मावशीनं कौतुकानं नवी पत्र्याची खोली दाखवली, बाळंतिणीसाठी मुद्दाम बांधलेली. आत पाऊल टाकताच मी घामानं निथळले. खिडकी बंद, बाजेखाली शेगडी, ओव्याचा धूर. तीन दिवसांची पोर कुंची-दुपट्यात गुंडाळलेली, उशाशी सटवीपासून राखण म्हणून विळा. पोरीचं अंग नुसतं फणफणत होतं.

"सकाळधरनं दूध ओढंना ग," शांता रडायलाच लागली. मीही घाबरले.

"थंडी भरली आसंल," म्हणत मावशीनं शेगडीत आणखी एक गोवरी सारली. काका डॉक्टरला आणायला सेलूला निघाले.

माझी चौकस जीभ गप्प बसेना. "मावशी, शांताच्या जन्माच्या वेळीपण शेगडी होती?"

"होती की. पर तिकडं, माळवदात."

माळवद म्हणजे जाड मातीच्या छताचं त्यांचं जुनं घर. आता तिथे कडबा भरलेला. मी मावशीला ओढतच नेलं. आत चक्क गारवा! मावशीनं भिंतीला हात लावून पाहिला.

"पाचवीच्या आत बाळंतीण हलवीत न्हाईत," ती पुटपुटली. मग एकदम म्हणाली, "इळा पुढं घेतला तर चालतंय."

"असं कुठे सांगितलंय?"

"मी सांगायलेय न्हवं!"

कडबा बाहेर काढला. विळा घेऊन मावशी पुढे, लेक-नात मागे. शेगडी मागेच राहिली. दुपटी सोडली, ओल्या फडक्यानं अंग पुसलं. डॉक्टर आले तेव्हा पोर आईला घट्ट लुचत होती. मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी परतले, बारव न बघताच. रीत तीच होती, फक्त वरचं छत बदललं होतं, हे वाटभर मनात घोळत राहिलं. तेव्हापासून ऊनही वाढतच गेलंय.

त्या पोरीचा परवा फोन आला. ती आता आजोळीच, वालूरला राहते; तिची लेक मेमध्येच बाळंतपणाला येतेय.

"स्लॅबखाली लय तापतंय, मावशी. माळवद पाडायला नको होतं," ती मला म्हणाली.

विळा मात्र तिनं जपून ठेवलाय.