सोमेश्वरनगर ते इंदापूर : मी न दाखवलेली ओळख

जायचं ठरलं ते रोहित पक्ष्यांमुळे. अरुणच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं की उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात हजारोंनी रोहित उतरतात, सगळं पाणी गुलाबी दिसतं. नव्वदच्या दशकाचा मध्य. आमच्याकडे एक स्कूटर, शेजाऱ्यांची उसनी दुर्बीण आणि चार दिवसांची रजा. इंदापूर तालुक्यात वरकुट्याला माझे मामा, म्हणजे राहण्याचा प्रश्न मिटलेला. मला चौथा महिना होता. आई म्हणाली, "स्कूटरवरून? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" आणि मग स्वतःच मामांसाठी चिवड्याचा डबा भरून दिला.

आम्ही पुण्याहून दिवेघाट, सासवड, जेजुरी, नीरा असा रस्ता धरला. मोरगावचा रस्ता जवळचा, पण नीरेच्या पुढे कालव्याकाठी झाडी आहे, म्हणून हा. जेजुरीला पोहे आणि चहा झाला. नीरेत पेट्रोल भरलं. तिथून पुढे मात्र स्कूटर सायकलच्या वेगानं चालवावी लागली, कारण हंगाम भरात होता. उसाच्या टायरगाड्या, ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या. सोमेश्वरनगर जवळ आल्याचं पाटीच्या आधी नाकाला कळलं. साखर कारखान्याच्या मळीचा तो आंबूस, जड वास. मला आधीच मळमळत होतं, त्यात अकराचं ऊन. वडगाव निंबाळकरच्या थोडं अलीकडे मी अरुणच्या पाठीवर थाप मारून "थांब" म्हणाले, उतरले आणि पुढचं मला आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा वर उसाचं पाचट होतं. ऊसतोड्यांची कोपी होती ती, वाकून आत शिरावं लागेल एवढी. मी एका जाड वाकळीवर पडले होते आणि एक बाई ओल्या फडक्यानं माझं कपाळ पुसत होती.

"कितवा हाय?" तिनं विचारलं.

"चौथा."

"मग गाडीवर कामून बसवतोस रं हिला?" हे दाराशी उभ्या अरुणला.

तिनं मला लिंबू, मीठ, गूळ घालून पाणी दिलं. गुळाचा खडा तिनं एका डब्याच्या तळातून खरवडून काढला, हे मी पाहिलं. ती पाटोद्याकडची, बीड जिल्ह्यातली. दिवाळी झाली की नवरा-बायको बैलगाडी घेऊन निघतात, गुढीपाडव्याला परततात. थोरली मुलं आजीजवळ, धाकटी सोनी बरोबर. सोनी आठेक वर्षांची असेल. ती कोपीच्या दारात बसून माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती.

"शाळेत जातेस का गं?" मी विचारलं.

आईच बोलली. "शाळा गावाकडं हाय. ती थोडीच येती आमच्या मागं?"

आणि हसली. मीही हसले. तासभर मी तिथं झोपले. ती तेवढा वेळ फडावर गेली नाही, म्हणजे तिची तेवढी मोळी कमी बांधून झाली, हे मला तेव्हा सुचलंही नाही. निघताना मी नाव विचारलं.

"रुक्मिण. परत येशील तवा हितंच हाय बघ. भनीचं घर समज."

बहिणीचं घर. मी तिचे हात हातात घेतले होते, हे मला स्पष्ट आठवतं.

बारामतीत जेवून, पुढे जंक्शन, निमगाव केतकी करत आम्ही दिवस मावळायच्या आत वरकुट्याला पोचलो. मामांना सगळा गाव आबा म्हणतो, म्हणून मीही. आबांचं आता पेरू, डाळिंब आणि कांदा असं बागायत आहे, पण ते वाढले मेंढरांमागे. जेवायला हुलग्याचं माडगं आणि ज्वारीची भाकरी होती. तुम्ही त्या भागात गेलात आणि कुणी माडगं विचारलं तर नाही म्हणू नका. जेवताना आबा रंगात आले.

"आमी धा वर्साचं असताना कोकणात उतरायचो मेंढरं घिऊन. लोकं रात न्हाय राहू द्यायची गावात. पाणवठ्यावर गेलो की काठी घिऊन मागं. गावात कायबी चोरीला गेलं की पयलं आमच्या मेंढरांच्या वाड्यावर यायची. एकदा माझ्या बापाला झाडाला बांधला हुता. नारळ गेलं हुतं कुनाचं तरी."

"मग?" अरुणनं विचारलं.

"मग काय? नारळ घावलं. सोडला त्येला."

मग मी, विषय बदलावा म्हणून, वाटेत चक्कर आल्याचं आणि कोपीत झोपल्याचं सांगितलं. मामींच्या हातातली भाकरी थांबली.

"कोयतेवाल्यांच्या कोपीत झोपलीस? पोटुशी बाई? अगं, काय लोकं ती, कुठली, कशी! आमच्या हितं रानाजवळ फिरकू देत न्हाय आमी. कांदा उपटून नेत्यात."

आबांनी मान हलवली. झाडाला बांधलेल्या बापाची गोष्ट सांगून पाच मिनिटं झाली नव्हती. तेव्हा मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. मी म्हणाले, "नाइलाजच होता हो मामी." बस, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे फुगवट्यावर गेलो. पाणी गुलाबी वगैरे नसतं. लांबून रोहित पांढरेच दिसतात, कुणी चुन्याची बोटं ओढावीत तसे. पण होडी थोडी जवळ गेली आणि ते उडाले, तेव्हा पंखांच्या आतला लाल रंग एकदम उघडला आणि मी मोठ्यानं ओरडले. होडी मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्याची होती. त्यानं वल्हं थांबवलं.

"लई लांबनं येत्यात," तो म्हणाला. "पाव्हणं हायती. आमी दगुड मारू देत न्हाय कुनाला."

होडीसाठी त्याला वीस रुपये दिले, त्यानं दहा परत केले. जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी बरा, सकाळी आठच्या आत पोचा, गडद कपडे घाला.

तिसऱ्या दिवशी परतायचं होतं, पण मामींनी तसं सरळ जाऊ दिलं नाही. चक्कर आली म्हणजे दाखवायलाच पाहिजे. बारामतीत त्यांच्या माहितीच्या एक बाई डॉक्टर होत्या. अरुण स्कूटरवर पुढे गेला, मी आणि मामी एसटीनं. दवाखान्यात गर्दी होती. भिंतीला लागून बाकं, समोर टेबलाशी कंपाउंडर. अरुण बाहेर गाडीपाशी थांबला. आम्ही नंबर लावून बसलो.

अर्ध्या तासानं दारात गलका झाला. रुक्मिण होती. कडेवर सोनी, आठ वर्षांची मुलगी कडेवर घेतलेली, आणि सोनीच्या हाताला गुंडाळलेलं लुगड्याचं फडकं लाल झालेलं.

"साहेब, कोयता लागला पोरीला. रगत थांबंना."

"सरकारी दवाखान्यात जा," कंपाउंडर न उठता म्हणाला.

"ट्रॅक्टरवाल्यानं हितंच सोडलं. लांब हाय का ते? एवढा टाका घाला साहेब, पैसं हायती."

"तुमी लोकं हितं टाकं घालून घेता अन् बिलाच्या वक्ताला गायब. हितली कुनाची वळख हाय का? असंल तर बस, न्हायतर सरकारीत जा."

रुक्मिणनं खोलीभर पाहिलं. मी बघत होते तिला बघताना. बाकावरच्या एकेका चेहऱ्यावरून तिची नजर पुढे सरकत आली आणि माझ्यावर थांबली. तिचा चेहरा असा उजळला की मला आजही तो उजळलेला चेहराच आठवतो, रडवेला नाही.

"ही काय! ही ताई वळखती मला!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मामींनीही. मामींची बोटं माझ्या मनगटावर घट्ट झाली.

"तुमच्या वळखीची का?" कंपाउंडरनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "मी नाही ओळखत."

मला कुणी धमकावलं नव्हतं. फार विचार करून मी ते बोललेही नाही. मी नीट साडी नेसलेली, पुण्याची, बँकेत नोकरी करणारी बाई होते आणि त्या खोलीतल्या लोकांनी मला त्या लाल फडक्याच्या बाजूला मोजू नये, एवढंच मला वाटलं. शब्द कसे अगदी सहज आले. त्या सहजपणाचीच मला जास्त लाज वाटते.

रुक्मिणनं माझ्याकडे पाहिलं, मग मामींकडे, मग मामींच्या हातातल्या माझ्या मनगटाकडे. तिला सगळं कळलं. आणि तिनं मला सोडवलं.

"चुकलं साहेब," ती कंपाउंडरला म्हणाली. "उन्हानं डोळं गेल्यात माझं. दुसरीच व्हती कोणतरी."

सोनीला वर सरकवून ती वळली. सोनी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहिली. त्या पोरीला कळेना की मी तिच्या आईला कसं ओळखलं नाही. फरशीवर दोन थेंब पडले होते. कंपाउंडरनं आवाज देऊन पुसून घेतले.

डॉक्टर बाईंनी मला तपासलं. बाळाचं सगळं छान आहे, म्हणाल्या. मामी खूश झाल्या. त्यांना इंदापूरच्या एसटीत बसवून दिलं आणि आम्ही दोघं खाणावळीत गेलो. ताट समोर आलं आणि मी रडायला लागले. अरुणला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी दारात पाहिलं तिला. मला वाटलं तू आत बघशील." म्हणजे तोही जागचा हलला नव्हता. आम्ही ताटं तशीच ठेवून उठलो.

सरकारी दवाखाना शोधला. नर्स म्हणाली, हो, आली होती, टाके घातले, इंजेक्शन दिलं, गेली. मग नीरेच्या रस्त्यानं कोप्या गाठल्या. ऊन कलतीला लागलं होतं. रुक्मिण बैलांसमोर उसाचं वाढं टाकत होती. सोनी बाजेवर बसलेली, हाताला पांढरं मोठं बँडेज. मला बघून रुक्मिणनं हात पदराला पुसले.

"या बाईसाहेब."

परवा ती मला "तू" म्हणाली होती.

मी आत जायला वाकले. ती पटकन म्हणाली, "हितंच बसा भाईर. आत धूर हाय, तुमाला सोसायचा न्हाई." आणि एक पोतं झटकून अंथरलं.

"सकाळी मी तुम्हाला ओळखलं होतं," मी म्हणाले.

"मला कळलं व्हतं की."

"माझं फार चुकलं."

तिनं थोडा वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. "तुमाला तुमच्या माणसांत ऱ्हायचं हाय," ती म्हणाली. "आमी काय, आज हितं, उद्या तिकडं. सवय हाय आमाला. पर पोरगी इचारीत व्हती."

"काय?"

"ती ताई आंधळी हाय का म्हून."

मी आणलेली केळी आणि बिस्किटं सोनीपुढे ठेवली. तिनं आईकडे पाहिलं. आई "घे" म्हणाली, तेव्हा तिनं चांगल्या हातानं एक केळं उचललं. आठ दिवसांनी बँडेज काढायचं होतं. कापलेलं बोट वाकेल की नाही ते तेव्हाच कळेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रुक्मिणनं चहा विचारला. आम्ही नको म्हणालो, उशीर होईल म्हणून. खरं म्हणजे मला तिथं बसवत नव्हतं. अंधार पडायच्या आत आम्ही सासवड गाठलं.

गेली पंचवीस-सव्वीस वर्षं हा प्रवास मी अनेकांना सांगितला आहे. रोहित उडाले ते, होडीवाल्यानं दहा रुपये परत दिले ते, माडगं. दवाखाना कधीच सांगितला नाही.

माझी लेक आता परदेशात शिकते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. फोनवर घर द्यायला तयार असलेल्या बाईनं तिला दारात पाहिलं आणि खोली गेली म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी जाहिरात तशीच होती. लेक रडत होती. मी म्हणाले, "कसली माणसं गं ही!" आणि पुढे बोलताच येईना. तिला वाटलं फोन कट झाला.

मग मी हे लिहायला बसले आणि लिहून आधी तिलाच पाठवलं. दोन दिवस तिचं काही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. मला वाटलं चिडेल, नाहीतर समजूत घालेल. तिनं दोन्ही केलं नाही.

"आई, सोनीचं बोट वाकायला लागलं का नंतर?"

रुक्मिण पाडव्यापर्यंत तिथंच होती. पुण्याहून तीन-चार तासांचा रस्ता. मला माहीत नाही, मी म्हणाले. मी पुन्हा गेलेच नाही.