बावन्न दुपारी

माझ्या बायकोला माझ्या बहुतेक सगळ्या लबाड्या ठाऊक आहेत. डॉक्टरांनी बंद केलेला चहा मी कोणत्या हॉटेलात पितो, तेसुद्धा. ही एक मात्र तिलाही ठाऊक नाही. तीस वर्षं होऊन गेली — दर उन्हाळ्यात ती घशाशी येते आणि मी पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकतो. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. म्हणजे बघा, इथेही सुरुवात भित्रेपणानेच झाली.

आधी भालेराव सरांबद्दल सांगायला हवं. नव्वद साली मी नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातल्या एका गावात हायस्कुलात मराठी शिकवायला लागलो, तेव्हा सर तिथे विज्ञान शिकवत होते. माझ्याहून पंचवीसेक वर्षांनी मोठे. शाळेच्या मागे, लिंबापासून थोडं अंतर सोडून, त्यांनी एक लाकडी पेटी खांबावर बसवली होती. फळांच्या खोक्यांच्या फळ्या, मध्ये फटी, वरून चुना दिलेला. आत तापमापक. रोज दुपारी दोनला सर त्या पेटीसमोर उभे राहत, पारा बघत आणि वहीत आकडा लिहीत. रविवार असो, दिवाळी असो, अंगात कणकण असो. मुलीचं लग्न गावातच होतं, तर पंगत वाढायची सोडून हे गृहस्थ पावणेदोनला चपला घालून शाळेकडे निघाले होते. व्याही बघतच राहिले, असं काकू सांगायच्या. काकू म्हणजे सरांच्या पत्नी.

गावाला त्याची इतकी सवय झाली होती की संध्याकाळी हॉटेलवर सर दिसले की कुणीतरी विचारायचंच, "सर, आज किती?" सर आकडा सांगायचे. मग त्या आकड्यावर चर्चा.

एवढा आटापिटा कशासाठी, ते मी एकदा विचारलं होतं. विचारलं कसलं, चेष्टाच केली होती. सरांनी शांतपणे सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांचे वडील खडी फोडायच्या कामावर होते. एका दुपारी हातोडा खाली ठेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. कागदावर जुनं दुखणं म्हणून नोंद झाली. "ऊन कुठं लिहिलंच नाही रे कुणी," सर म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांनी पगारातून पैसे काढून तापमापक आणला आणि पहिली वही घातली. मी पुन्हा चेष्टा केली नाही.

बुद्धिबळ मला त्यांनीच शिकवलं. मधल्या सुट्टीत, व्हरांड्यात, पुठ्ठ्यावर आखलेल्या पटावर. त्यांचा खेळ देशी — प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जाणार, आणि राजाला सगळ्या डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी. शेजारी रेडिओ. आखाती युद्ध संपलं तेव्हा तेलाच्या विहिरी कित्येक महिने जळत होत्या, त्या बातम्या सर डाव थांबवून ऐकायचे. "हा एवढा धूर जातो कुठं, मधू?" असं मला विचारायचे. मराठीच्या मास्तरला काय ठाऊक? मी आपला त्यांचा उंट कुठून मारता येईल ते बघत असायचो.

त्याच वर्षी ऑगस्टात मॉस्कोच्या रस्त्यावर रणगाडे आले. ती बातमी ऐकताना सर दचकून पुढे झुकले आणि त्यांचं बोट वजिराला लागलं. त्यांचा नियम होता, सोंगटीला हात लागला की ती खेळायची. मी म्हणालो, "राहू द्या सर, तुमचं लक्ष नव्हतं." ते म्हणाले, "हात लागला ना? मग लागला." वजीर हलवला, मी मारला, डाव गेला. असा माणूस होता. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या पापाला बळ मिळालं ते त्यांच्या याच स्वभावातून.

ब्याण्णवच्या मार्चअखेर काकूंचं पुण्यात ऑपरेशन ठरलं. नंतरचे उपचार धरून दोन महिने तिकडेच राहायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी सर माझ्या खोलीवर आले. एक कोरी वही दिली आणि रकाने कसे पाडायचे ते कळावं म्हणून एक जुनी. जुनी म्हणजे सगळ्यांत पहिली, त्र्याहत्तरची — तिच्यातलं अक्षर सगळ्यांत सुबक होतं म्हणून. "बाकी काही नको मधू. दोन वाजता. रोज." मी म्हणालो, "सर, तुम्ही काकूंकडे बघा. इकडची काळजी सोडा."

पहिले नऊ दिवस गेलो. खरंच गेलो. सकाळची शाळा साडेअकराला सुटायची, खोलीवर येऊन जेवायचं आणि पुन्हा त्या उन्हात ओढा ओलांडून मैलभर चालायचं. रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. डोक्याला ओला टॉवेल गुंडाळला तर ओढ्यापर्यंत तो वाळलेला असायचा. नवव्या दिवसाचा आकडा लिहिताना माझ्याच तोंडून "बाप रे" निघालं होतं, हे मला पक्कं आठवतं.

दहाव्या दिवशी मी पटासमोर बसलो होतो. नगरच्या स्टँडवर बुद्धिबळाचं एक पुस्तक घेतलं होतं, सर परत येतील तेव्हा त्यांना हरवायचं म्हणून दोन्ही बाजू मीच खेळत होतो. घड्याळात बघितलं तर अडीच. बाहेर नुसता पांढरा उजेड. आता जाऊन काय उपयोग? आणि कळणार कुणाला? मी कालच्या आकड्याच्या जवळपासचा एक आकडा लिहिला. वही मिटून पुढची चाल खेळलो. अकराव्या दिवशी बाराच वाजता ठरवलं की जायचं नाही. पण रोज रोज मनाने आकडे सुचेनात. तेव्हा मी ती जुनी वही उघडली.

त्र्याहत्तरच्या एप्रिलातले, मे महिन्यातले आकडे. एक दिवस मागेपुढे करायचा, कुठे अर्धा अंश वर, कुठे अर्धा खाली. पाच मिनिटांचं काम. बावन्न दुपारी मी असं केलं. नंतर मोजल्या आहेत.

हॉटेलवर आता लोक मला विचारायचे, "सर, आज किती?" मी तो जुना आकडा सांगायचो. किसन तात्या म्हणून एक शेतकरी होते, ते एकदा बाकावरून उठलेच. "न्हाई वो सर. काय बी सांगताय! आज बैल सावलीत बी धापा टाकीत हुतं. लई हाय आज." मी काय म्हणालो असेन? "तात्या, अंगाला काय, काही पण वाटतं. पारा सांगतो ते खरं." आणि तात्या परत बाकावर बसले. सरांच्या पाऱ्याला गावात तेवढा मान होता. तो मान मी वापरला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सर आले. काकू बऱ्या होत्या. माझ्यासाठी सरांनी पुण्याहून लाकडी सोंगट्यांचा संच आणला होता. "दोन महिने उन्हात हिंडलास माझ्यापायी," म्हणाले. मी तो घेतला. घेतला काय, लगेच मांडला, आणि पहिल्याच डावात त्यांना मात दिली. सर इतके खूश झाले की जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत सुटले. मला लाज वाटली का? खरं सांगू — त्या दिवशी नाही वाटली.

त्याच दिवसांत ब्राझीलमध्ये जगातले पुढारी पृथ्वीच्या काळजीने एकत्र बसले होते. सर रेडिओला कान लावून असायचे. "सगळं जग बोलतंय मधू, मग आपल्या गावाचं कोण सांगणार? आपल्याकडं वह्या हायेत." एरवी शुद्ध बोलणारे सर आनंदाने असे गावच्या बोलीत यायचे. पुढच्या मार्चमध्ये नगरला विज्ञान शिक्षकांचा मेळावा होता. तिथे आपल्याकडचा उन्हाळा कसा चढत गेला ते सर मांडणार होते. मधल्या वर्षांचे आकडे तसं सांगत होते, त्यांची खात्री होती. फक्त पहिलं वर्ष आणि ताजं वर्ष शेजारी ठेवून एक तक्ता करायचा होता.

पहिलं वर्ष आणि ताजं वर्ष. मी उठून रेडिओचा आवाज वाढवला.

एका संध्याकाळी सर आलेखाचा कागद घेऊन माझ्याकडे आले. निळ्या शाईची रेघ त्र्याहत्तरची, लाल शाईची ब्याण्णवची. पहिले काही दिवस लाल जरा वर, मग दोन्ही एकमेकींना चिकटून चाललेल्या. सर कॉटच्या कडेला बसले. "हललेलंच नाही रे," म्हणाले. "वीस वर्षांत हललेलंच नाही. मधली चढती वर्षं योगायोग असतील. मला पाहिजे होतं तेच मी बघत आलो."

मी म्हणालो, "पण सर, यंदा लोक म्हणत होते ना, फार होतं म्हणून."

"लोक दर वर्षी म्हणतात. वही काय म्हणते ते बघायचं."

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य. रागावले असते, चार दिवस बोलले नसते, आणि ते बावन्न रकाने खोडून बाकी एकोणीस वर्षांवर उभे राहिले असते. नोकरी जाणार नव्हती, कुणी मारणार नव्हतं. मग का नाही बोललो? त्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. एवढंच कारण होतं, दुसरं शोधून सापडत नाही.

त्यांना वाटलं असतं तर मेळाव्याला जाणं टाळता आलं असतं. ते टाळणाऱ्यातले नव्हते. तक्त्याची गुंडाळी मी धरून नेली. सर व्यासपीठावर उभे राहिले आणि म्हणाले, "वीस वर्षं मला वाटत होतं, आमचा उन्हाळा चढतोय. माझ्या नोंदींनी मला खोटं ठरवलं. ते सांगायला आलोय." मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "मग पंखे बंद करायचे का सर?" सगळा हॉल हसला. सरही हसले, कपाळ पुसत. मी तिसऱ्या रांगेत होतो. मीही हसलो.

त्या एप्रिलपासून त्यांनी लिहिणं थांबवलं. जाहीर वगैरे काही नाही — एक दिवस गेले नाहीत, मग दुसऱ्या दिवशीही नाहीत. विचारलं तर म्हणाले, "जे हलत नाही ते किती दिवस लिहायचं?" पेटीच्या फटीत चिमण्यांनी काड्या आणून टाकल्या. हॉटेलवर लोक काही दिवस विचारत राहिले, मग विसरले. बापाच्या मरणापासून धरलेलं काम त्या माणसाने माझ्या अक्षरातल्या बावन्न आकड्यांमुळे सोडलं.

शहाण्णवच्या थंडीत सर गेले. छातीच्या दुखण्याने गेले, उन्हाने नाही, उगाच ओढूनताणून सांगणार नाही. काकूंनी सगळ्या वह्या माझ्या हवाली केल्या. "तुमच्याशिवाय कुणाला द्यायच्या? तुमच्यावर त्यांचा लई जीव हुता," म्हणाल्या. त्या ट्रंकेत आहेत. ब्याण्णवची वही वरच आहे. मला सरांची फार आठवण येते. हे म्हणायचा मला हक्क आहे की नाही, कोण जाणे, पण येते.

हे सगळं सांगूनही जे सांगायचं होतं ते राहिलंच आहे. इतका वेळ मी त्याच्याभोवती घिरट्या घालतोय.

त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सर निवृत्त झाले होते. त्यांच्या घरी, पत्र्याच्या पडवीत, आम्ही त्याच लाकडी सोंगट्या मांडून बसलो होतो. दुपारचे दोन वाजले असतील. पत्रा तडतडत होता. माझा सदरा पाठीला चिकटला होता, मांडीखालची सतरंजी भिजली होती. काकू आत ओली फडकी खिडकीला बांधत होत्या. सरांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं, मान पुसली आणि माझ्याकडे बघून, जरा ओशाळल्यासारखं विचारलं, "मधू, तुला उकडतंय का रे? का मलाच?"

नुसतं हो म्हणायचं होतं. पण हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग वही, मग ते बावन्न दिवस. हे सगळं मला एका क्षणात दिसलं.

मी म्हणालो, "नाही सर. तेवढं काही नाही."

"हं," सर म्हणाले. "मग मलाच होत असेल. वय झालं."

आणि त्यांनी काढलेलं बटण पुन्हा लावलं. चाल माझी होती. मी खेळलो.